टाउनो रिस्टिलाची अँजिओग्राफी

टाउनो रिस्टिलाच्या छातीत पहिल्यांदा दुखलं ते दारासमोरचा बर्फ उपसताना, आणि त्याने त्याचं खापर ताबडतोब ओर्नेलाच्या सॉसेजवर फोडलं. दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा घरात सॉसेज नव्हतं, म्हणून ते थंडीवर फोडलं. तिसऱ्यांदा तो सॉनासाठी, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं वाहत होता. मधेच ओंडका खाली ठेवून तो तळ्याकडे तोंड करून असा उभा राहिला, जणू काही फार खोल विचारात बुडालाय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओर्नेला हे बघत होती. नवरा विचार करत उभा आहे की दुखतंय म्हणून उभा आहे, हे तिला पाठमोऱ्या माणसावरूनही कळत असे. शिवाय टाउनो विचार नेहमी बसून करायचा.

"डॉक्टरकडे नंबर लावलाय," तो आत आल्यावर ती म्हणाली.

"कोणासाठी?"

"त्या ओंडक्यासाठी. मधेच थांबला होता बिचारा."

टाउनो कॅनडातल्या थंडर बे शहराच्या पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होता. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी नळ या विषयावर घरात, क्लबात आणि चर्चच्या पायरीवर शेवटचा शब्द त्याचाच असे. त्यामुळे ट्रेडमिलवर पळवून झाल्यावर घरच्या डॉक्टरने जेव्हा सांगितलं की हृदयाची एखादी रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसते, मनगटातून बारीक नळी घालून एकदा आतून बघून घेऊ, तेव्हा टाउनो मनातून थोडा सुखावलाच. ट्रेडमिलवर झालेला अपमान तो विसरायला तयार झाला. (पट्टा काढून ठेवायला सांगितल्यामुळे त्याला एका हाताने कठडा आणि एका हाताने पँट धरून पळावं लागलं होतं, आणि नर्सने अहवालात 'चाल अस्थिर' असं लिहिलं होतं. त्यात चालीचा काय दोष?) नळी घालून नळी तपासायची, ही पद्धत त्याच्या खात्यातलीच होती.

"सकाळी जायचं, संध्याकाळी घरी," तो ओर्नेलाला म्हणाला. "कुणाला सांगायचं नाही. उगाच गवगवा नको."

ओर्नेलाने कुणालाही सांगितलं नाही. फक्त बहिणीला सांगितलं. त्यानंतर कर्लिंग क्लबात खेळातला जड दगड सरकवायला टाउनो बर्फावर उतरला, तर सगळे त्याच्याकडे असे बघू लागले जणू दगडाऐवजी तोच घसरत जाऊन पलीकडे कायमचा थांबणार आहे.

आणि शेजारचा बोहदान हलुश्को तर त्याच संध्याकाळी घरात येऊन बसला. बोहदानने जन्मभर विमा विकला होता. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी कॅल्गरीला; त्यामुळे त्याच्याकडचे सगळे सल्ले रिस्टिलांच्या वाट्याला येत. कुठलाही आजार असो, बोहदानच्या नात्यात तो कुणाला तरी आधीच होऊन गेलेला असे.

"हे बघ, साधा फुगा घालून घेऊ नकोस," त्याने खुर्चीत बसता बसता सांगितलं. "माझ्या मेव्हण्याला घातला होता, ती गोष्ट सुरुवातीच्या दिवसांतली. फुगा फुगवला, वाहिनी उघडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळा संपायच्या आत पुन्हा बंद! मग धातूची जाळी घातली, स्टेंट. तिच्या आतून मांस वाढलं. आता औषध लावलेली जाळी मिळते, ती सहसा बुजत नाही. तू तीच माग."

"मी काय दुकानात चाललोय?" टाउनो म्हणाला.

"मागितल्याशिवाय कोण देतं? आपल्या क्लबातल्या खजिनदाराला तीन बसवल्या. तीन! तुझ्यासारख्या माणसाला दोन तरी बसवायलाच हव्यात."

टाउनोने हे हसण्यावारी नेलं. पण रात्री दात घासताना त्याला वाटून गेलं, की ज्या माणसाला साधा जमाखर्च धड मांडता येत नाही त्याला तीन, म्हणजे आपल्याला एक मिळाली तर कसं दिसेल?

मग आरोग्य कार्डाची भानगड निघाली. हॉस्पिटलातून फोनवर बोलणाऱ्या बाईने नंबर विचारला, आणि कार्डाची मुदत संपल्याचं उघडकीला आलं. टाउनो नवीन कार्डासाठी सरकारी कचेरीत गेला. खिडकीतल्या मुलीने राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला.

"पाण्याचं बिल चालेल," ती म्हणाली.

पाण्याचं बिल ओर्नेलाच्या नावावर होतं. पाणी खात्यातल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावावर जोडणी घेणं बरं दिसत नाही, असा तत्त्वाचा आग्रह टाउनोनेच एके काळी धरला होता.

"बाई, तुमच्या या कचेरीत जे पाणी येतं ना," टाउनो म्हणाला, "ती लाइन मी टाकली आहे."

"हो, पण तुम्ही राहता कुठे?"

अखेर ओर्नेला स्वतः येऊन, हा माणूस माझ्याच घरात राहतो, असं सांगून गेली. वर, "सकाळी असतो, दुपारी असतो, संध्याकाळीही असतो," अशी पुस्ती तिने जोडली. त्यातला सूर टाउनोला आवडला नाही. कार्डावरचा फोटो काढताना हसायला मनाई होती, पण त्या दिवशी ती मनाई अनावश्यक होती.

ठरलेला दिवस उजाडला. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. जेवणाचं टाउनोला फारसं दुःख नव्हतं, कॉफीचं होतं. फिनिश माणसाला सकाळची कॉफी मिळाली नाही तर तो जागा झाला असं धरत नाहीत, आणि टाउनोच्या आजोबांनी बोटीतून उतरताना फिनलंडहून दुसरं काही आणलं नसलं तरी ही सवय नक्की आणली होती. त्यात तपासणीनंतर स्वतः गाडी चालवायची नाही, अशी ताकीद होती. ओर्नेलाचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी. त्यामुळे गाडी चालवायला बोहदान आला. तो न्हाऊनमाखून, टाय लावून आला होता.

"टाय कशाला?" टाउनोने विचारलं.

"डॉक्टरांशी बोलायला लागलं तर?"

बोहदानच्या निळ्या पिकअपमध्ये तिघं दाटीवाटीने बसली. निघाल्यापासून बोहदान बोलत होता. मनगटातून नळी घातलेली बरी, मांडीतून घातली तर तासन्‌तास पाय सरळ ठेवून पडावं लागतं. डॉक्टर बाई तरुण असेल तर उत्तम, बाईचा हात हलका. मधेच त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली आणि जबडा चोळला.

"दाढ दुखतेय कालपासून," तो म्हणाला. "दातांच्या डॉक्टरकडे जायला हवं."

टाउनोचं लक्ष नव्हतं. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानातून त्याला कॉफीचा वास येत होता. पण मधे बसलेल्या ओर्नेलाने आपला उघडा डोळा बोहदानकडे वळवला आणि तो तिथेच ठेवला. बाहेर कडाक्याची थंडी होती, बोहदानच्या कपाळावर घाम होता, आणि उरलेला रस्ता तो नुसती पेपरमिंट चघळत होता.

हॉस्पिटलच्या दारापाशी दोघांना सोडून बोहदान गाडी लावायला जाणार होता. टाउनोला एक माणूस आत घेऊनही गेला. तिथे त्याला मागून उघडा असलेला अंगरखा दिला. मग नर्स वस्तरा घेऊन आली. तिचं नाव ग्लेनिस. चांगली उंचपुरी, आणि बोलणं असं की जणू समोरचा माणूस बालवर्गात बसलाय.

"मनगटातून करणार होते ना?" वस्तरा भलत्याच दिशेने जाताना बघून टाउनोने विचारलं.

"मनगटातूनच. ही आपली खबरदारी. मनगटातून जमलं नाही तर धावपळ नको."

टाउनोने छताकडे बघितलं. शहराची कुठलीही लाइन उकरताना आपण पर्यायी खड्डाही आधीच खणून ठेवला नव्हता, असं त्याला वाटलं. पण या घडीला वाद घालण्याजोगी त्याची परिस्थिती नव्हती.

मन शांत करणारी एक गोळी देऊन त्याला ढकलगाडीवरून कॅथलॅबच्या, म्हणजे नळी घालायच्या खोलीच्या, दारापर्यंत आणलं. दार उघडणार, एवढ्यात ग्लेनिसचा फोन वाजला. तिने ऐकलं, आणि ढकलगाडी भिंतीकडे सरकवली.

"मिस्टर रिस्टिला, जरा थांबावं लागेल. तातडीचा पेशंट आलाय."

गोळी टाउनोला शांत करायला होती, पण कॉफीची उणीव त्या गोळीपेक्षा जुनी आणि जबरदस्त होती. तो ताडकन उठून बसला.

"थांबायचं? मी काल रात्रीपासून थांबलोय! कॉफी नाही, पाणी नाही! तुम्ही मला... तुम्ही मला सगळीकडून भादरलंय! नंबर म्हणजे काही असतं की नाही? मी खात्यात असताना मेयरच्या घरचा नळ फुटला होता, त्यांनासुद्धा मी रांगेत उभं केलं होतं! हा कोण मोठा लागून गेलाय?"

त्याचा आवाज त्या चकचकीत कॉरिडॉरमधून दूरवर घुमला. तेवढ्यात पलीकडचं दार धाडकन उघडलं आणि चार माणसं एक ढकलगाडी जवळजवळ पळवत घेऊन आली. तिच्यावरच्या माणसाचा चेहरा ओल्या सिमेंटच्या रंगाचा झाला होता. गळ्यातला टाय कुणीतरी कात्रीने कापला होता, आणि त्याची दोन टोकं दोन्ही बाजूंना लोंबत होती.

टाउनोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ढकलगाडी आत गेली. दार मिटलं.

"तो माझा शेजारी आहे," टाउनो म्हणाला. "बोहदान. त्याची दाढ दुखत होती." मग त्याने तिचा हात पकडला. "हे बघा, माझा नंबर उद्या लावा. परवा लावा. पुढच्या महिन्यात लावा. त्याला जाऊ दे."

त्याचा नंबर गेलेलाच होता. पण गेलेला नंबर इतक्या मनापासून कुणी देऊन टाकल्याचं ग्लेनिसने पाहिलं नसावं. "आत सांगते त्यांना," ती म्हणाली आणि खरोखरच आत गेली.

ओर्नेला आली ती हातात बोहदानची टोपी आणि किल्ल्या घेऊन. झालं होतं असं, की बोहदान गाडी लावायला जायला निघाला तेव्हा तिने त्याला जाऊच दिलं नव्हतं. "तुझा रंग मला आवडत नाही," असं म्हणून तिने गाडी दारातच बंद करायला लावली, त्याला दंडाला धरून आत आणलं आणि समोर दिसलेल्या पहिल्या नर्सला सांगितलं, "याला हार्ट अटॅक आलाय, आणि हा तुम्हाला दाढ म्हणून सांगेल." बोहदानने दाढच सांगितली. पण नर्सने ओर्नेलाचं ऐकलं, छातीला तारा लावल्या, आणि ईसीजीची पट्टी निघते न निघते तोच सगळे धावायला लागले.

"तुला कसं कळलं?" टाउनोने विचारलं.

"पेपरमिंट खाताना तो गप्प होता," ओर्नेला म्हणाली. मग तिला रडू आलं. उघड्या डोळ्यातून येत होतं तसंच झाकणीच्या आतूनही आलं, आणि ते तिला पुसता येईना.

तेवढ्यात छतावरच्या कर्ण्यातून घोषणा झाली : निळी पिकअप रुग्णवाहिकेच्या वाटेत उभी आहे, मालकाने ताबडतोब हलवावी. टाउनो खाली उतरला. अंगरख्याची पाठ उघडी आहे हे त्याला भिंतीवरच्या आरशाने नाही, समोरून येणाऱ्या दोन बायकांनी कळवलं. तो पुन्हा वर चढला.

"मी जाते," ओर्नेला म्हणाली.

"एका डोळ्याने?"

"तुझे दोन उघडे होते. त्यांना काय दिसलं?"

ती गेली आणि थोड्या वेळाने ताठ मानेने परत आली. गाडी वाटेतून निघाली होती. आता ती फाटकाजवळच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात दारांपर्यंत रुतलेली होती, पण रुग्णवाहिकेला तिचा काहीच त्रास नव्हता.

तोवर टाउनो दाराकडे कान लावून बसला होता. कुणी आतबाहेर केलं की दार क्षणभर उघडायचं, आणि आतले आवाज बाहेर यायचे. त्याला आरडाओरडा अपेक्षित होता. मुख्य लाइन तुंबली की त्याच्या खात्यात अर्धा दिवस नुसती बोंबाबोंब चाले. रस्ता उकरावा लागे, पंप आणावे लागत, आणि दोन अधिकारी चूक कुणाची यावर भांडत. इथे एका बाईचा आवाज येत होता, अगदी संथ. "तार पलीकडे गेली." पुन्हा दार उघडलं तेव्हा, "फुगा वर करा... आता सोडा." आणि मग, "वाहतंय. छान वाहतंय. मिस्टर हलुश्को, आता कसं वाटतंय?" आणि त्यावर बोहदानचा, अगदी बारीक पण बोहदानचाच आवाज : "दाढ थांबली."

टाउनोने ओर्नेलाचा हात दाबला. रस्ता न उकरता, मनगटाएवढ्या जागेतून आत शिरून, चालू पंपाची तुंबलेली लाइन या लोकांनी मोकळी केली होती. कॉफी गाळून होईल इतक्या वेळात, पंप एकदाही बंद न करता. आयुष्यभर आपण नळाचं काम करत होतो असं आपण समजत होतो, असं त्याला वाटलं, आणि त्याने मान खाली घातली. इतकं कौतुक त्याला क्वचितच कशाचं वाटलं असेल.

दुपारी त्याचा नंबर लागला. डॉक्टर थिबो म्हणजे बुटकीशी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली बाई. ती कोपऱ्यात उभी राहून घाईघाईने बिस्किट संपवत होती. अंगावर शिशाचा जड झगा, आणि पायात चक्क बागेत घालायचे रबरी जोडे. टाउनोच्या मनगटात एक सुई टोचली, आणि मग पडद्यावर त्याला स्वतःचं हृदय दिसलं. काळ्या फांद्या उमटत होत्या, विरत होत्या. त्याला शहराचा नकाशा आठवला.

"ही बघा, ही जागा अरुंद आहे," डॉक्टर म्हणाली. टाउनोलाही ती दिसली. नळ तिथे नक्कीच बारीक झाला होता.

"बसवा जाळी," तो उदारपणे म्हणाला. "औषधवाली."

"आधी दाब मोजू."

हे वाक्य टाउनोने स्वतः कंत्राटदारांना शेकडो वेळा ऐकवलं होतं : नकाशात बारीक दिसतं म्हणून खणू नका, आधी पलीकडचा दाब मोजा! डॉक्टरने केसासारखी एक तार त्या अरुंद जागेच्या पलीकडे सरकवली, आणि आकडा आला.

"दाब चांगला आहे," ती म्हणाली. "इथे जाळी नको. तुम्हाला दुखतं ते त्या खालच्या बारीक फांदीमुळे, आणि तिथे जाळी मावणार नाही. गोळ्यांनी भागेल."

"पण आतच आहात तर एखादी..."

"मिस्टर रिस्टिला, तुमच्या शेजाऱ्यांची वाहिनी पूर्ण बंद झाली होती. तिथे जाळीने जीव वाचतो. तुमचं दुखणं स्थिर आहे. असल्या दुखण्यात जाळी घालून आराम पडतो, पण आयुष्य वाढतंच असं नाही. मग गोळ्या घेऊन, चालून, सॉसेज कमी करून आराम पडत असेल तर तुमच्या शरीरात धातू कशाला ठेवू?"

टाउनोला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि हुकल्यासारखं वाटलं. एवढं उपाशी राहिलो, एवढं भादरून घेतलं, आणि हातात काय? पण खात्यात असे अधिकारी त्याने दोनच पाहिले होते, ज्यांना खणायची सगळी तयारी झाल्यावरही 'खणू नका' म्हणता येत असे. त्यांतला एक तो स्वतः होता, असं त्याचं मत होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात."

संध्याकाळी ग्लेनिसने त्याला चाकाच्या खुर्चीतून बोहदानच्या खाटेपाशी नेलं. बोहदानच्या गालांवर रंग परतला होता आणि तो जेवण किती बेचव आहे हे सांगत होता.

"मला दोन!" त्याने बोटं वर केली. "औषधवाल्या. तुला किती?"

"एकही नाही," टाउनो म्हणाला.

"एकही नाही?" बोहदानने त्याच्याकडे फार दयेने बघितलं. "अरेरे. मागितली नाहीस ना?"

पुढचे काही आठवडे टाउनोला फार कठीण गेले. टाउनो रिस्टिलाने ऐन वेळी आपला नंबर शेजाऱ्याला दिला, ही बातमी ओर्नेलाच्या बहिणीने गावभर केली. चर्चमध्ये अनोळखी बाया त्याचे हात हातात घेऊ लागल्या. बेकरीतल्या माणसाने गुलाबी साखर थापलेल्या पर्शियन पावांची पेटी फुकट दिली, जे खायला आता त्याला आणि बोहदानला, दोघांनाही बंदी होती. टाउनो प्रत्येकाला म्हणे, "तसं काही नाही हो," आणि प्रत्येकजण म्हणे, "किती नम्र!"

"सांगून टाकू का सगळ्यांना?" त्याने ओर्नेलाला विचारलं.

"काय सांगणार? की तू कॉफीसाठी गळा काढलास?"

टाउनोने तो बेत सोडून दिला.

मोसम संपताना कर्लिंग क्लबाचं जेवण असतं. जेवण झाल्यावर बोहदान नवा टाय सावरत उभा राहिला आणि म्हणाला, की मला टाउनोबद्दल बोलायचंय. टाउनोने खुर्ची थोडी मागे सरकवली. दार त्याच्या मागेच होतं. ओर्नेलाने पायाने खुर्ची अडवली. आता तिचे दोन्ही डोळे उघडे होते.

"तुम्ही सगळे म्हणता, याने मला नंबर दिला," बोहदान म्हणाला. "खोटं आहे. मला पळवत नेत होते. वर छताचे दिवे धावत होते. छातीवर घोडा बसला होता. मला वाटलं, संपलं, पोचलो आपण वर. तेवढ्यात कुणाचा तरी ओरडा ऐकू आला : मला कॉफी नाही, मला भादरलंय, हा कोण मोठा लागून गेलाय! मी म्हटलं, नाही, आपण अजून थंडर बेमध्येच आहोत. या माणसाला वर कुणी घेणार नाही."

सगळा क्लब टेबलं बडवून हसला. खजिनदार तर खोकायला लागला. टाउनोचे कान बीटासारखे लाल झाले. बोहदान मात्र हसत नव्हता. त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"मग दार मिटलं आणि आवाज बंद झाला. तेव्हा मी खरा घाबरलो. डॉक्टर बाईला विचारलं, तो ओरडणारा गप्प का झाला? तेवढ्यात ती उंच नर्स आत आली. ती म्हणाली, 'त्यांनी तुम्हाला ओळखलं. ते म्हणतायत, माझा नंबर पुढच्या महिन्यात लावा.'" बोहदानने टायची गाठ सैल केली. "मी पस्तीस वर्षं विमा विकला. या माणसाला एकदाही विकता आला नाही. याला कशासाठीच थांबता येत नाही, कधीच येत नाही. म्हणून म्हटलं, आता जगायलाच हवं. हा महिनाभर थांबलेला मला बघायचाय."

आणि तो खाली बसला.

टाउनोला काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो उठला, कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला, एक पेला भरून आणला आणि बोहदानपुढे ठेवला.

"कॉफी," तो म्हणाला. "घे. तुझा नंबर आधी."